पात्याचा सूर

सासूबाईंनी बंद करवतीच्या पात्याला टिचकी मारली, मान तिरकी केली आणि हुकूम सोडला, "अजून अर्धा फेरा आवळ."

सुनेने ताणाच्या चाकाला हात लावला, पण ते फिरवलं नाही. खिशातून फोन काढून पात्याजवळ धरला.

"हे काय? फोटो काढतेस की काय त्याचा?"

"नाही हो आई. टिचकी मारली की हा फोन आवाज ऐकतो आणि आकडा दाखवतो. जास्त आवळलं तर आकडा मोठा."

"बरं झालं. या घरात कोणीतरी ऐकणारं आलं एकदाचं."

सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. महिन्याभरात तीन पाती तुटली होती. आज चौथं चढवलं होतं. "हल्लीचं लोखंडच हलकं," असं त्यांनी तिन्ही वेळा ठणकावून सांगितलं आणि कोणी उलट बोललं नव्हतं. सासरे गेल्यापासून या कारखान्यात एकच कायदा होता. सासूबाई 'जमलं' म्हणेपर्यंत बटणाला कोणी हात लावायचा नाही. शाळा त्यांनी दोन यत्तांत आटोपली होती, पण पात्याचा ताण ओळखावा तर त्यांनीच. तो एक शब्द गेला की मग उरलं काय? दारातली खुर्ची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या, बसा'.

"ठेव तो खेळ बाजूला. तू टिचकी मार, मी ऐकते."

सुनेने बोट उचललं. तेवढ्यात वरून भुसा पडून डोळ्यात गेला आणि ती डोळा चोळू लागली. सासूबाईंची नजर चाकावर होती, मान तिरकी.

"बास," त्या म्हणाल्या. "जमलं."

सुनेचं बोट अजून डोळ्यावरच होतं.

सासूबाईंनी वर पाहिलं. मग खांद्यावरचं फडकं ओढून त्या मशीनचं टेबल पुसू लागल्या. टेबल आधीच पुसलेलं होतं.

"आई," सून जरा वेळाने, त्यांच्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाली, "या फोनला नव्या मशीनची माहिती आहे. आपलं हे बाबांनी स्वतः जोडलेलं. याचा आकडा कुठल्या कागदावर नाही. बरोबर ताणलेलं पातं कसं वाजतं, ते जरा गुणगुणून दाखवता?"

"मी काय गाणारीण आहे?"

"रोज भाजी चिरताना तेच तर गुणगुणता."

सासूबाईंचं फडकं थांबलं. त्यांनी तळहात गळ्याशी ठेवला, डोळे मिटले आणि ओठ बंद ठेवून एक लांब, सरळ सूर धरला. फोनवरचा आकडा थोडा नाचला आणि एका जागी बसला. सुनेने तो पाटीवर खडूने लिहिला.

मग तिने टिचकी मारली. पात्याचा आकडा पाटीवरच्यापेक्षा चांगलाच मोठा आला. तिने चाक धरलं आणि मागे फिरवलं. अर्धा फेरा, मग आणखी अर्धा. ते मागे फिरताना सासूबाई बघत होत्या.

आकडे जुळले. सून बटणाजवळ जाऊन उभी राहिली.

"आता वाट कोणाची बघतेस?"

"तुमची."

सासूबाई वाकल्या. पाटीवरच्या आकड्यावर बोट, मग फोनवरच्या. एकेक अंक जुळवून त्या ताठ झाल्या.

"जमलं."

दुपारी नेहमीचा सुतार फळी कापायला आला. सासूबाईंच्या हातात फोन बघून त्याला चेव आला.

"काय काकू, कानांवर भरवसा राहिला नाही वाटतं?"

"माझ्या कानांची काळजी तू नको करूस. याला शिकवतेय मी. अजून कच्चा आहे. तू फळी आण."

सुनेने टिचकी मारली. सासूबाईंनी नेहमीसारखी मान तिरकी केली, आणि नजर मात्र फोनवरून हलू दिली नाही.