चार वाजताचे ठोके

थोरला गेला त्याला सात आठवडे झाले होते. रोज बारा किलोमीटर धावणारा, गोडाला न शिवणारा माणूस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुलावर कोसळला. धाकटा भाऊ त्याच्या पुढे धावत होता. त्याने मागे वळून पाहिलंही नाही. तेव्हापासून धाकट्याने एक टिपूसही गाळलं नव्हतं. जेवायचा, झोपायचा, पण ते सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं त्याला वाटायचं. दुपारी चारचा धावण्याचा सराव मात्र त्याने एकही दिवस चुकवला नाही.

आणि इकडे आत्या! वय वर्षं त्र्याण्णव, जन्मात कधी धावली नाही, आणि तीन मजले चढून आली तरी तोंड चालूच. तिच्या गावची माणसंच चिवट; नव्वदीच्या आत गेला तर बिचारा अवेळी गेला म्हणायचे. थोरल्याकडे नव्हतं असं यांच्याकडे काय आहे, तेवढं धाकट्याला शोधायचं होतं. म्हणून तो आठवडाभर तिच्याकडे राहायला आला आणि आपलं पावलं आणि काळजाचे ठोके मोजणारं घड्याळ त्याने तिच्या मनगटावर बांधलं. निघताना घरच्यांनी बजावलं होतं, थोरल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तो परदेशात कामाला गेलाय, तिथून फोन लागत नाही, असं तिला सांगून ठेवलं होतं. म्हातारीचं काळीज, धक्क्याने जायची.

"हे काय, बेडी घातलीस मला?" आत्या म्हणाली.

"तू दिवसभर काय करतेस ते कळेल."

"मग विचार की! तोंड नाही का तुला?"

तो विचारत नव्हता, टिपून घेत होता. पावलं सहा हजार, तीही तुकड्यातुकड्यांनी. जेवताना दोन घास कमीच. खालच्या शिंपिणीला टोमणे मारायला दिवसातून तीनदा जिना उतरायची. एकच गोष्ट जुळेना. तो सरावाला बाहेर पडला की, बरोबर चार वाजता, पावलं शून्य आणि ठोके साठावरून एकशेदहावर! त्याला वाटलं, घड्याळ बिघडलं. खेळाडूच तो, बसल्याजागी ठोके वाढले म्हणजे यंत्राचाच दोष. त्याने पट्टा आवळला, घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधून पाहिलं. चौथ्या दिवशी तो बूट घालून निघाला आणि जिन्यातून परत फिरला.

आत्या खिडकीपाशी बसली होती. मांडीवर फोन.

"कुणाची वाट बघतेस?"

"थोरल्याची. चारला फोन करायचा रोज. तिथे फोन लागत नाही म्हणे. तरी बसते आपली."

घड्याळात एकशेबारा. हे काळीज जपायला सगळे खोटं बोलत होते, आणि त्या खोट्यापायीच ते रोज असं धडधडत होतं.

"आत्या, थोरला गेला," तो बातमी वाचावी तसा म्हणाला. "सात आठवडे झाले. धावताना. पुलावर."

आत्या हमसून हमसून रडली. धाकटा बघत बसला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सोसलं नसतं म्हणून."

"अरे मेल्या, नवऱ्याला पोचवलं मी, दोन बहिणींना पोचवलं, पोटच्या पोरीला पोचवलं! इतकं जगायचं म्हणजे दुसरं काय असतं रे? वेळेवर रडू तरी द्यायचं होतंत."

त्याच्या मनात भलतंच काहीतरी अडकलं होतं. "पण चारला तर आमचा सराव असायचा."

"हो ना. पुलावर थांबून करायचा."

पुलावर थोरला रोज थांबायचा खरा. दम खातोय असं समजून धाकटा त्याला 'म्हातारबा' म्हणत पुढे सटकायचा.

"शेवटच्या दिवशीही केला होता?"

"केला की. बोलता बोलता थांबला. मला वाटलं, फोन कटला."

"काय म्हणत होता?"

"तुझंच कौतुक. म्हणाला, आत्या, धाकटा बघ कसा सुसाट सुटलाय, मागे वळूनसुद्धा बघत नाही लेकाचा. हसत होता."

घड्याळ थरथरलं. फार वेळ बसलात, उठा, असं त्यावर आलं होतं. आत्याने ते काढून त्याच्या हातात ठेवलं. साडेचार वाजून गेले. धाकटा पायात बूट तसेच ठेवून तिच्याजवळ बसून राहिला.