लवू शांत आहे

शिमग्याची पालखी देवळात परतली की चिमा आपल्या धाकट्या भावाला भेटायला यायची. हेदवीजवळच्या वाडीतून पहाटेची एसटी धरायची, चिपळूणला गाडी बदलायची आणि रत्नागिरीच्या बाहेर कातळावर असलेल्या ‘विसावा’पर्यंत भर उन्हात चालत यायची. मनाच्या आजाराने ज्यांना घरी सांभाळणं होत नाही, अशा पुरुषांसाठीचं ते निवासगृह. तिथली सगळी देखरेख मथुराबाईंकडे होती.

२००२ सालच्या त्या दुपारी चिमा आली तेव्हा लवू पडवीतल्या बाकावर बसला होता. दाढी केलेली, सदरा धुतलेला. मथुराबाईंनी मुद्दाम धुतलेला घातला होता.

“शांत आहे हो तुमचा लवू,” मथुराबाई कौतुकाने म्हणाल्या. “आता कुणाला म्हणून काही त्रास नाही त्याचा.”

चिमाने फडक्यातून पुरणपोळी काढली आणि भावाच्या हातात दिली. हात एवढा थरथरत होता की पोळीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. हनुवटीवर लाळ आली होती. बहिणीकडे तो भिंतीकडे बघावं तसा बघत होता.

चिमाने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि स्वतःच घास भरवला.

“बाय,” ती हळूच म्हणाली, “ह्यो माजा भाव शांत कंदीच नव्हता. पोफळीवर चडला ना, की शेंड्यावरनं झोका घेऊन दुसरी पोफळ धरायचा. खाली न उतरता आख्ख्या बागेची सुपारी काडायचा. आनि वरनं सगळ्या वाडीच्या नकला.” तिने आणखी एक घास पुढे केला. “आजार वाडला आसंल त्याचा. तुमी हायसा म्हनून मला झोप लागते, बाय.”

निघताना तिने वाकून मथुराबाईंच्या पायांना हात लावला. मथुराबाईंनी पाय मागे घेतले, पण तोवर उशीर झाला होता.

फाटक लावून त्या आत आल्या, त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आजार वाढला नव्हता. ते त्यांना ठाऊक होतं.

लवूला इथे आणलं तेव्हा तो रात्र-रात्र ओरडायचा, कुणीतरी मारायला टपलंय म्हणून अंगणातल्या माडावर चढून बसायचा. एकदा त्याला खाली उतरवता उतरवता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. महिन्यातून एकदा गावातून येणाऱ्या डॉक्टर आगाश्यांनी गोळ्या वाढवल्या आणि जाताना बजावलं, “थोडा निवळला की मला सांगा, गोळ्या उतरवू. हात थरथरले, चाल बदलली, तर लगेच सांगा. विसरू नका.”

लवू निवळला. मग त्याहून निवळला. त्याच सुमारास कामावरची एक बाई सोडून गेली आणि निवासगृह चालवणाऱ्या ट्रस्टने तिच्या जागी दुसरी दिलीच नाही. मथुराबाई आणि कामावर उरलेली हौसा, दोघींच्या गळ्यात चौदा पुरुष. चौदांतला एक न ओरडता बसून राहतो, याचं सुख काय ते त्या दोघींनाच ठाऊक. डॉक्टर यायचे, एकेकाचं नाव घ्यायचे, “लवू?” म्हणून विचारायचे. मथुराबाई म्हणायच्या, “शांत आहे.” डॉक्टर पुढच्या नावाकडे वळायचे.

हात थरथरायला लागले तेव्हा मथुराबाईंना दिसलं नव्हतं असं नाही. चहा सांडून सदरा खराब होतो म्हणून त्यांनीच त्याला अर्धा कप चहा द्यायला सुरुवात केली होती. जिला दिसत नाही ती कप अर्धा कशाला भरेल?

“डॉक्टरांना सांगायला हवं गो लवूचं,” त्या हौसाला म्हणाल्या.

हौसा तांदूळ निवडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “सांगा. नि परत माडावर चढला तर उतरवायला कोण जाईल? तुम्ही?”

गावात डॉक्टरांचा दवाखाना होता, बाजाराला गेल्या की मथुराबाई त्याच्यावरूनच यायच्या. दोनदा गेल्या, दोन्ही वेळा दाराशी गर्दी आहे असं मनाशी म्हणून परतल्या.

मग डॉक्टरच आले. नावं घेत घेत म्हणाले, “लवू?”

“शांत आहे,” मथुराबाईंच्या तोंडून गेलं. सवयीने गेलं. आणि गेल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. डॉक्टर बॅग उचलून फाटकापर्यंत पोचले, तेव्हा त्या अनवाणीच धावत मागे गेल्या.

“डॉक्टर, मी खोटं बोलले. तो शांत नाही. तो मिटून गेलाय.”

डॉक्टर परत आले. त्यांनी लवूचा हात कोपरात वाकवून पाहिला. तो वाळक्या लाकडासारखा ताठ होता. त्याला अंगणात चालायला लावलं. पाय फरपटत, हात न हलवता लवू पेरूच्या झाडापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला, कुणी वळवेपर्यंत.

“हे कधीपासून?”

“मागच्या गणपतीच्याही आधीपासून.”

“मला का नाही सांगितलंत?”

कारणं होती, पण तोंडाशी आलेलं एकेक कारण लवूच्या त्या उभ्या पाठीकडे पाहून मागे फिरत होतं. डॉक्टर चिडले होते. पण लवूला हाताला धरून वळवताना त्यांचा आवाज उतरला. “मीही इथेच येत होतो म्हणा. नुसती नावं घेत होतो.”

गोळ्या हळूहळू उतरल्या. पावसाळाभर लवू थोडा थोडा परत आला, आणि सगळाच्या सगळा आला, ओरडण्यासकट. हौसाला शिव्या दिल्या, भाताचं ताट भिरकावलं. तो माडाकडे बघत राहिला की मथुराबाई हातातलं काम टाकून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहायच्या. त्या त्याच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून झोपू लागल्या. हौसा म्हणाली, “आता भोगा,” पण कामाला येत राहिली. ट्रस्टच्या लोकांपुढे मथुराबाईंनी आवाज चढवला तेव्हा कुठे तिसरी बाई मिळाली.

एका सकाळी लवूने चहाचा कप हातात घेतला, आत पाहिला आणि म्हणाला, “तू मला आर्धाच देतेस.”

मथुराबाईंनी किटली पुढे केली. कप काठोकाठ भरला.

“कवापासनं आर्धाच देतेस,” तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. एवढे दिवस तो भिंत होऊन बसला होता, तेव्हा आतून सगळं बघत होता तर!

त्या वर्षी गणपती झाल्यावर चिमा पुन्हा आली. लवू फाटकाशीच उभा होता. “म्हातारी झालीस गो,” तो बहिणीला म्हणाला आणि चिमा फाटकाचे गज धरून हसता हसता रडू लागली. दुपारभर दोघं पडवीत बसली. लवूने वाडीतल्या खोताची नक्कल केली, आणि चिमाच काय, हौसाही पोट धरून हसली.

निघताना चिमा मथुराबाईंपाशी आली. “देवमानूस तुमी, बाय. जल्लं माजं कातडं काडून तुमाला जोडे घातले तरी…” आणि ती वाकू लागली.

मथुराबाईंनी तिचे खांदे धरले. गप्प बसणं किती सोपं होतं! नवी गोळी लागू पडली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“वाकू नका,” त्या म्हणाल्या. “त्याला तसं मीच ठेवलं होतं.”

त्यांनी सगळं सांगितलं. दोघीच होतो, दमून जात होतो, हेही एकदा निसटलंच, तेव्हा त्यांनी जीभ चावली.

चिमा ऐकत राहिली. मग तिने आपले खांदे सोडवून घेतले.

“शिमग्याला मी माज्या हातानं त्याला भरवलं,” ती म्हणाली. “तवा तुमी हितंच उभ्या व्हता.”

“हो.”

“आनि मी तुमच्या पायांना हात लावला.”

चिमा लवूच्या डोक्यावरून हात फिरवून, मागे न बघता निघून गेली.

पुढच्याच महिन्यात ती न कळवता आली, मग दर महिन्याला येऊ लागली. एवढा लांबचा पल्ला, शेतीचे दिवस, तरी यायची. मथुराबाईंच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. लवूचे हात आपल्या तळहातावर ठेवून बघायची, त्याला चालायला लावायची आणि विचारायची, “कुटली गोळी? किती? कशापायी?” मथुराबाई एकेकाचं उत्तर द्यायच्या. परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं, पण ती चुकवावी असं कधी वाटलं नाही.

दिवाळीनंतरच्या खेपेला चिमाने पडवीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे एक माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

“त्याचं नाव काय?”

“विठू.”

“कोन येतं त्याला भेटाया?”

“कुणी नाही.”

“कुटला तो? आजारी पडायच्या आदी काय करायचा?”

मथुराबाईंनी तोंड उघडलं. चार वर्षं त्यांनी विठूला जेवू घातलं होतं, न्हाऊ घातलं होतं. विठूचा कसलाच त्रास नव्हता.

“ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या.

चिमाने त्यांच्याकडे बघितलं, आपली पिशवी उचलली आणि एसटी गाठायला निघाली.

मथुराबाई पडवीच्या टोकाला गेल्या आणि विठूशेजारी जमिनीवर बसल्या. आतून हौसा हाका मारत होती, चुलीवर आमटी उतू चालली होती.

“विठू,” त्यांनी विचारलं, “तुझं गाव कुठलं रे?”

विठूने मान वर केली नाही. मथुराबाई बसून राहिल्या.