गादी दबली नव्हती

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी, केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे. लोखंडी पाय, मानेला टेकू, आणि पायाने दाबली की बसलेल्याला हळूहळू वर उचलणारी एक तरफ. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दांड्यांत तोंड दिसायचं. आता नुसता गंज दिसतो.

माझ्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. त्याचा वस्तरा फिरू लागला की गिऱ्हाईक घोरायचं. जागं असलेलं गिऱ्हाईक मात्र अर्धा डॉक्टर असायचं. कोणी गुडघ्याला तेल सांगे, कोणी झोपेला दूध. उस्ताद सगळ्यांना "बरोबर आहे" म्हणे आणि घरी जाऊन यातलं काहीच करत नसे.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. गिऱ्हाइकं सभ्य होती, कोणी बोललं नाही. दाढी करून घेणारे फक्त केस कापून घेऊ लागले, आणि केस कापून घेणारे दारातूनच "आज जरा घाई आहे हो" म्हणत पुढे जाऊ लागले. पार्किन्सन हे नाव डॉक्टरने नंतर सांगितलं. मुलीने दुकान चालवायला घेतलं, गुबगुबीत नव्या खुर्च्या आणल्या आणि मला घरी पाठवलं. तिथे माझं बरं चाललं. उस्तादला मऊ सोफ्यातून उठवत नसे. माझी तरफ बायकोने दाबली, काखेत हात घातला, की तो उभा राही.

एके दिवशी तो कुरकुरला, "हिची गादी दबली. टेकू मानेला लागायचा, आता टाळूला लागतोय."

गादी भरणारा आला. त्याने माझं पोट उसवलं, नवा काथ्या कोंबला, पुन्हा शिवलं. टेकू तरी टाळूलाच. "उस्ताद, गादी टणक आहे," तो जाताना म्हणाला, "आता तुम्हीच जरा ताठ बसा." मी निर्दोष सुटले, पण आनंद झाला नाही. गादी दबली नव्हती. माणूस दबला होता.

मुलीने त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. पाठीचे दोन मणके गुपचूप पिचले होते. हाडं ठिसूळ झाली होती.

"हा तर बायकांचा आजार," उस्ताद म्हणाला.

"एवढा एक आमचा होता," बायको म्हणाली, "तोही ओढून घेतलात."

आठवड्याला एक गोळी ठरली. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास ताठ बसायचं. तोवर दुसरं काही पोटात जायला नको, पार्किन्सनची सकाळची गोळीसुद्धा. आता बघा, ती सकाळची गोळी पोटात गेल्याशिवाय उस्तादला ताठ बसताच येत नव्हतं. एक औषध म्हणे ताठ बस, दुसरं म्हणे माझ्याशिवाय बसून दाखव. तो लाकडासारखा आखडून डाव्या दांडीवर कलला. बायकोने दोन्ही हातांनी खांदा धरून ठेवला. गोळी घशात अडकली, ठसका लागला, पाणी माझ्या नव्या गादीवर. दिवसभर त्याच्या छातीत जळजळ झाली.

ते ऐकून डॉक्टरबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. पण तारीख चुकली तर मणक्यांना धोका वाढतो. दुसरं वर्षातून एकदा सलाईनमधून. त्याआधी रक्त आणि दात तपासायचे, नंतर एकदोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. "घरी बोला आणि मला कळवा," त्या म्हणाल्या.

घरी बोलणं म्हणजे काय, हे मी दुकानात पुष्कळ ऐकलंय. त्यात ऐकत कोणीच नसतं.

"काहीच नको," उस्ताद म्हणाला. "मी पडणारच नाही, म्हणजे झालं."

"बाबा, गेल्या महिन्यात न्हाणीघरात काय ठरवून पडलात?"

"तुला दुकान बंद ठेवून माझ्यामागे फिरायला लावू का?"

"एक दिवस ठेवीन बंद. लोकांचे केस तेवढ्यात काही गुडघ्यापर्यंत येत नाहीत."

"आणि ताप आला तर? हात आणखी हलेल."

बायको इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तिने तसाच ठेवला.

"कंबरेचं हाड मोडलं तर तुम्हाला उचलायची ताकद माझ्यात नाही," ती म्हणाली. "आत्तासुद्धा पुरत नाही. उठवताना मी हसते ना, ते दम लपवायला."

उस्तादने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मनगटांकडे. आपल्याला ही तरफच उठवते, असा बहुधा त्याचा समज होता.

"वर्षातून एकदाचं घेऊ," तो म्हणाला. "तारखा सांभाळायचं काम तरी तुझ्यावर नको."

तपासण्या झाल्या आणि काल ते सलाईन लागलं. ताप आलाच. मुलगी आज दुकान बंद ठेवून त्याच्या उशाशी बसली आहे. आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याची बायको माझ्यात बसली आहे. "दोनच मिनिटं," म्हणाली आणि झोपली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी उठता न येणारं असेल. त्याची चौकशी सगळेच करतात. त्याला रोज उठवणाऱ्या हातांनाही कधी विचारा, आणि विचारून थांबू नका, एखाद्या दिवशी आपला हात द्या.

आणि आत्ता आत येणार असाल तर पाय न वाजवता या. तिची मान एका बाजूला कलली आहे. मी धरून आहे.