जावयाची विश्रांती, माझ्या मनगटावर

आमचे जावई सहाशे किलोमीटर सायकल चालवून घरी आले, तेव्हा त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. हँडल धरून धरून बोटं बधिर झालेली, ओठ फुटलेले, आणि बोलता बोलता मान सूपच्या वाडग्यात जायची. लग्न ठरलं तेव्हा माणूस शहाणा वाटला होता.

लेकीने त्याच दिवशी फर्मान काढलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांना दुखवणं हा तिचा व्यवसायच. "तीन आठवडे सायकलला हात लावायचा नाही. पाय दोन दिवसांत बरे वाटतात, आतलं शरीर नाही होत बरं. नीट विश्रांती घेतलीस तरच ती हजार किलोमीटरची राईड. नाहीतर विसर." आणि तिने त्यांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. नाडी, पावलं, जिने, सगळं तिला मोबाइलवर दिसणारं.

मी हे सोफ्यावरून ऐकत होते, कारण मीही तिच्याच कैदेत होते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. "जिने चढता आले की घरी," हे लेकीचं पालुपद. व्यायाम करायला घेतला की दुखायचं, मग मी रडायचे, मग ती ओरडायची, मग मी दोन दिवस अबोला धरायचे. गुडघा होता तिथेच. मला माझं घर हवं होतं, माझी खिडकी, शेजारची शिंपीण आणि आमचा पत्त्यांचा डाव. दुसऱ्याच्या घरात आपण चहासुद्धा विचारून करतो, मग ते घर पोटच्या पोरीचं का असेना.

आठवडाही झाला नसेल, तेवढ्यात जावई सोफ्याशी येऊन बसले. इतक्या गोड आवाजात "आई" म्हणाले की मी लगेच सावध झाले.

"आई, माझ्या छापखान्यात कागदाच्या रिळांमागे सायकल ठेवलीय. दुपारची थोडी चालवीन म्हणतो, पाय मोकळे होतात. तेवढं हे घड्याळ तुम्ही घाला ना. तुम्ही तर काय, बसलेल्याच असता."

ते "बसलेल्याच" मला चांगलंच झोंबलं. "आणि यात माझा काय फायदा?" मी विचारलं.

"माझ्या राईडला एकदा परवानगी मिळू दे. मग तुम्हाला घरी पाठवायचं तिच्या गळी मी उतरवतो. शब्द दिला."

सौदा ठरला. सकाळी लेक दवाखान्यात गेली की घड्याळ माझ्या हातावर यायचं आणि संध्याकाळी ती यायच्या आत परत त्यांच्या हातावर. त्यांची बोटं बधिर, त्यामुळे पट्टा सोडायचे मीच आणि बांधायचेही मीच.

पण लेक कुणाला स्वस्थ बसू देईल तर शपथ! दोनच दिवसांत जावयांचा धापा टाकत फोन आला. "आई, तिचा मेसेज आलाय. नुसता बसू नकोस, सपाटीवर हळूहळू चाल म्हणते. चाला ना जरा!" मी दोघांच्या नावाने लाखोली वाहत दिवाणखान्यात फेऱ्या मारल्या. मग हुकूम आला, एक मजला चढ, कठडा धरून. मग दोन मजले, मध्ये थांबून. मग जमेल तेवढं वर. सहाशे किलोमीटर मारणाऱ्या माणसाला कठडा कशाला लागतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला एवढंच दिसत होतं की जावई पकडले गेले तर माझं घर गेलं. गुडघा ठणकायचा, पण रडून दाखवायला समोर कुणी नव्हतं, म्हणून रडायचे नाही.

इकडे जावई पाय मोकळे करून करून सुकत चालले. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. एका दुकानाची पोस्टरं तर उलटी छापून बसले. लेक मोबाइल बघून म्हणायची, "कमाल आहे, आकडे तर झकास आहेत." मी घाईघाईने विषय बदलायचे.

तीन आठवडे संपले त्या संध्याकाळी ती मोबाइल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. "आकडे उत्तम," ती म्हणाली. जावयांचा चेहरा उजळला. "आता घड्याळ काढून दे."

जावयांची पट्ट्याशी झटापट सुरू झाली. बोटं ऐकेनात. मला राहवेना. मी त्यांचा हात ओढला, पट्टा झटक्यात सोडवला आणि सवयीने, निव्वळ सवयीने, घड्याळ माझ्या मनगटावर बांधून टाकलं.

जावयांनी डोळे मिटून घेतले.

"राहू दे," लेक म्हणाली. "ज्याचं आहे त्याच्याच हातावर आहे."

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. नुसता बसलेला असताना ह्याची नाडी पन्नाशी गाठत नाही. त्या दुपारी ती ऐंशी होती. म्हटलं, चला, आई सापडली." मग तिचा आवाज बदलला. "महिनाभर तुझ्या विनवण्या केल्या, माझ्यासाठी एक पायरी चढली नाहीस. ह्याच्या लबाडीसाठी तीन मजले चढलीस."

मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. "तीन?" मी विचारलं.

"काल. दोनदा थांबून. घड्याळातला माणूस बरा झालाय, आई. रविवारी घरी जा."

"आणि मी?" जावई म्हणाले. "माहीत होतं तर मला अडवलं का नाहीस?"

"सांगून ऐकणारा असतास तर घड्याळ कशाला बांधलं असतं? तुझी विश्रांती उद्यापासून. राईड पुढच्या वर्षी."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून.

रविवारी मी माझ्या घराचं कुलूप माझ्या हाताने उघडलं. लेक आतल्या खोलीच्या खिडक्या उघडायला गेली, तसे जावई हळूच माझ्याजवळ सरकले. घड्याळ आता त्यांच्या हातावर होतं, आणि पट्टा काही त्यांना अजून सुटत नव्हता.

"आई," ते कुजबुजले आणि मनगट माझ्यापुढे धरलं, "फक्त दुपारपुरतं. इथे तर ती बघायलाही नसते."

मी त्यांचा हात प्रेमाने हातात घेतला, आणि पट्टा आणखी एका भोकाने आवळला.