तीर्थाचा एक थेंब

"मेला! मेला गं बाई!" असा एकच गलका झाला आणि पुढच्याच क्षणी सगळा हॉल चिडीचूप.

दर्यास्वामींनी तीर्थाचे थेंब टाकलेल्या काचेच्या बाउलमध्ये नारिंगी जोकर मासा आडवा पडला होता. कल्ले थांबलेले, शेपटी लुळी. सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, दारात, जिन्यात, जिथं म्हणून माणूस मावेल तिथं शेजारीपाजारी मावले होते. प्रत्येकाच्या तोंडात स्वामींनी आल्या आल्या वाटलेली लवंग होती, त्यामुळे गलकाही बोबडाच निघाला होता.

"घाबरू नका," दर्यास्वामी डोळे मिटून म्हणाले. "घराची पीडा याच्या अंगावर ओढून घेतली मी. आता याचा प्राण समुद्राकडून परत मागतो."

त्यांनी मासा ओंजळीत घेऊन हॉलमधल्या मोठ्या टाकीत सोडला. मासा आधी दगडासारखा खाली गेला. मग एक पर हलला, कल्ले उघडले, आणि थोड्या वेळात स्वारी डुलत डुलत वर आली. टाळ्या काय, हुंदके काय! समोरच्या काकूंनी तर टाकीलाच हात जोडले. स्वामींचा म्हणे पाण्याशी थेट संपर्क. कुठल्या महासागराचं काय बिनसलंय ते त्यांना सोफ्यावर बसल्या बसल्या कळे. बाउलमधलं उरलेलं पाणी मात्र त्यांनी लगबगीनं जाऊन सिंकमध्ये ओतलं. तेवढी घाई कशाची, हे काही समुद्रानं सांगितलं नाही.

घरची सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती दातांची डॉक्टर. नुकतीच दवाखान्यातून आली होती आणि हातातली पर्सही तिनं अजून ठेवली नव्हती.

खाऱ्या पाण्याची ही टाकी सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. निवृत्त झाल्यापासून तीच त्यांचं ऑफिस. कित्येक वर्षं त्यांचे मासे सुखात होते, आणि सुनेच्या लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच एकेक मरायला लागला. ना अंगावर डाग, ना जखम. निळा गेला, पिवळा गेला, अप्पांचा लाडका पट्टेवाला गेला. समोरच्या काकूंनी हिशेब मांडला, "सून आल्यापासूनच ना हो?" बस्स. हिशेब सोपा असला की लोकांना तो खराच वाटतो. आणि स्वामींना घरात आणलं तेही याच काकूंनी.

"या घरात एक पाऊल आलंय," स्वामी आता सांगत होते. "त्या पावलामागून पीडा आली. मुक्या जिवांनी ती आपल्यावर घेतली. पण मासे संपल्यावर? पुढचा नंबर कुणाचा?"

सगळ्या नजरा दाराकडे वळल्या. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी येत्या सोमवारी माहेरी यायची होती.

"नवं बाळ आत येण्याआधी ते पाऊल बाहेर गेलं पाहिजे," स्वामी उठत म्हणाले. "रविवारी येतो. शेवटचा बंदोबस्त करू."

गर्दी पांगली. सुनेनं मुकाट्यानं बाउल घासायला घेतला आणि तिचा हात थांबला. वास! लवंगेचाच, पण चघळलेल्या लवंगेचा नव्हे. हा तिच्या दवाखान्यातला वास होता, तिच्या ॲप्रनला चिकटून रोज घरी येणारा. लवंगतेल! ठणकणारी दाढ शांत करायला ती रोज हेच वापरते.

'असं आहे होय! सगळ्यांच्या तोंडात लवंग कोंबली की या बाउलचा वास कुणाला येणार?'

तिनं जनावरांच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण खो खो हसली. "अगं, माशाचं ऑपरेशन करायचं तर आम्ही हेच पाण्यात घालून त्याला झोपवतो. तेल नसलेल्या पाण्यात सोडलं की उठतो. तुमचे स्वामी भूलतज्ज्ञ दिसतात!"

सुनेला मात्र हसू आलं नाही. खोलीत गेली तर नवरा तिची बॅग भरत होता. शर्टांच्या घड्या घालाव्यात तशा तिच्या ओढण्यांच्या घड्या.

"थोडे दिवस तुझ्या आईकडे जा ना," तो म्हणाला. "मी हे असलं काही मानत नाही गं, तुला माहितीय. पण आईच्या समाधानासाठी..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तिनं लवंगतेलाचं सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, मान डोलावली, आणि बॅगेची चेन ओढली. "असेल गं. पण आईला कोण समजावणार?"

"मी," ती म्हणाली.

बोलणं सोपं होतं. महिन्यापूर्वी तिनंच सासूबाईंची किडलेली दाढ भरली, तेव्हा "सून नाही, लेक आहे माझी" म्हणून त्या अख्ख्या बिल्डिंगला सांगत होत्या. त्याच आता तिच्याशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. तिला त्यांचा राग येत होता, आणि कीवही. लेकीच्या पोटातल्या बाळासाठी बाई भेदरून गेली होती.

शनिवारी फडकं घेऊन ती टाकी पुसायला लागली. काठावर पांढरा थर जमला होता. स्वामींनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पीडेचा फुलोरा', आणि त्या भीतीनं कुणी तिकडे बोटही लावलं नव्हतं. तिनं बोट लावलं आणि चाटलं. मीठ! तिनं वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. मग ती तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेली आणि खारेपणा मोजायची काचेची नळी घेऊन आली.

रविवारी गर्दी दुप्पट. पुन्हा लवंगा वाटल्या गेल्या, पुन्हा मासा बाउलमध्ये आला. स्वामींनी कफनीतून छोटी पितळी बाटली काढली.

"एक मिनिट, स्वामीजी," सून पुढे झाली. "हे तीर्थच ना?"

"सात समुद्रांचं!"

"मग आधी तुम्ही घ्या की एक थेंब जिभेवर."

हॉलमध्ये कुजबुज झाली. स्वामी गोरेमोरे झाले. "तीर्थ... तीर्थ देणाऱ्यानं घ्यायचं नसतं."

"मग मला द्या."

"तुला? अपवित्र पावलाला?"

"ए, पुरे!" सासूबाई ताडकन उठल्या. "स्वामींची परीक्षा घेतेस? आण इकडे, मी घेते!" आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी स्वामींच्या हातातली बाटली ओढून एक थेंब तळहातावर घेतला, आणि भक्तिभावानं चाटला.

"आई गं!" त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "भाजतंय! केवढं तिखट!" मग त्यांनी जीभ दातांवरून फिरवली. पुन्हा फिरवली. चेहऱ्यावरचा भक्तिभाव हळूहळू उतरायला लागला. "बधिर झाली जीभ." त्या सुनेकडे वळल्या. "अगं, हे तर तू माझ्या दाढेत घातलेलं औषध!"

"तेच, आई. लवंगतेल. दाढेची नस झोपते, तसा मासा झोपतो. मेलाच नव्हता तो, मग जिवंत काय होणार? तेल नसलेल्या पाण्यात गेला, शुद्धीवर आला."

"नास्तिकाची सावली पडली!" स्वामी ओरडले. "तीर्थ नासलं!"

"अस्सं?" सासूबाई जड जिभेनं म्हणाल्या. "आणि मागच्या वेळी ज्यानं मासा पाडलात, ते तीर्थ कुणाच्या सावलीत नासलं होतं हो?"

जिन्यातून कुणीतरी फिसकन हसलं. सात समुद्रांशी थेट संपर्क असलेला माणूस बाटली मागेच टाकून दाराकडे सरकला, आणि दारात आपल्याच चपला सापडेनात म्हणून दुसऱ्याच्या घालून पळाला.

"पण मासे मेले ते तर खरं ना?" काकूंनी शेवटची काडी टाकून पाहिली. "आणि ही आल्यापासूनच!"

"हो काकू, मी आल्यापासूनच," सून म्हणाली. काकू बघतच राहिल्या. "अप्पा, मी येण्याआधी ही टाकी कुठं होती?"

"मागच्या खोलीत. ती तुम्हा दोघांना दिली म्हणून टाकी हॉलमध्ये आणली."

"पंख्याखाली. आणि वरचं झाकण?"

"पाहुण्यांना मासे नीट दिसावेत म्हणून काढलं. हलवताना खारेपणा मोजायची नळीही फुटली, मग नुसत्या अंदाजानं... पण पाणी कमी झालं की मी वेळच्या वेळी भरतो हं! मिठाचंच भरतो. समुद्राचे मासे आहेत, त्यांना गोडं पाणी कसं घालू?"

सुनेनं सासूबाईंना विचारलं, "आई, रस्सा आटला तर तुम्ही काय घालता?"

"पाणी."

"मीठ?"

"वेडी का काय! मीठ कुठं आटतं? ते तर..." सासूबाईंनी एकदम अप्पांकडे पाहिलं. "अहो! तुम्ही मासे खारवलेत!"

सुनेनं नवी नळी टाकीत सोडली. योग्य खारेपणाची खूण पाण्याच्या पार वर राहिली. मिठाच्या पाकिटावर लिहिलंय तसं कालवलेल्या पाण्यात सोडली, तर ती बरोबर खुणेपर्यंत बुडाली. अप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. पट्टेवाल्याला त्यांनी स्वतःच्या हातानं मारलं होतं, अगदी प्रेमानं.

"एकदम नको, अप्पा. रोज थोडं गोडं पाणी घालून हळूहळू उतरवू. उरलेत ते वाचतील." मग ती गर्दीकडे वळली. "तुम्ही सगळे विचारत होता, कुणामुळे? कुणामुळे विचारलं की बोट दाखवायला माणूस लगेच सापडतो, आणि बहुतेकदा ती घरात नवी आलेली बाई असते. कशामुळे विचारा. काय हललं, काय बदललं, ते बघा. कष्ट पडतात, पण कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही."

काकूंनी तोंडातली लवंग हळूच रुमालात काढली आणि त्या घरी गेल्या.

फोन वाजला. लेकीचा होता. सासूबाई जड जिभेनंच बोलल्या, "ये गं उद्या. हो, वहिनी घरीच आहे. कुठं जाणार ती?" फोन ठेवून त्यांनी सुनेचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

नवरा मागून आला. "बघ, मी म्हणत नव्हतो? मी तर हे असलं मानतच नाही."

"आई मानत होत्या," ती म्हणाली. "भीतीपोटी मानत होत्या, आणि खरं कळल्यावर सगळ्यांसमोर बोलल्या. तू मानत नव्हतास, आणि तरीही बॅग भरलीस. जा, तूच भरलीस, आता तूच रिकामी कर."