पहिली बादली

माझा दीर बेनेडिक्ट मनाने वाईट नाही, पण दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत माझ्या विनीचं लग्न ठरलं, तसा तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागला. मंडप कुठे घालायचा, बाजा कोणाचा आणायचा, सगळं त्यानेच ठरवलं. मग एक दिवस लॉरेन्सला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाला की विहिरीवर पहिली बादली माझी जाऊ, म्हणजे त्याची स्वतःची बायको, ओढेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं, ही आम्हा मरोळ गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांची रीत. आमच्या घरात पहिली बादली नवरीची आई ओढते. माझ्या लग्नात माझ्या आईने अंगात ताप असताना ओढली होती.

मी तिथेच होते, चाकांच्या खुर्चीत. लॉरेन्सला उंचीची भीती, म्हणून कौलं चाळायला मी शिडीवर चढले होते. पडले ती कमरेखालचं अंग गमावूनच उठले. उठले म्हणजे काय, उचलली मला.

"वयनी, तू नुसता दोराला हात लाव," बेनेडिक्ट म्हणाला. "तेवढ्यानं झालं. तुझा मान राहिला ना."

त्या 'नुसता'ने माझं डोकं फिरलं. खेळात लहान पोराला कच्चा लिंबू म्हणून घेतात, तशी मला माझ्याच पोरीच्या लग्नात घेत होता. मी सांगितलं, बादली मी ओढणार. तो हसला आणि त्याने लॉरेन्सकडे चहा मागितला.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या नलिनीबाई अंधेरीहून दर शनिवारी यायच्या. त्यांनी शिकवलेले बसल्या जागचे व्यायाम मी तोवर उरकून टाकायचे. हात वर, हात बाजूला, खांदे गोल. सगळ्यात कंटाळवाणा म्हणजे खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे रोवून बूड अधांतरी धरून ठेवायचं. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून ते करायचं. मी मनात 'आमच्या बापा' म्हणत धरायचे आणि प्रार्थना रोजची भाकर मागणाऱ्या ओळीपर्यंत यायच्या आत धपकन खाली बसायचे.

त्या शनिवारी मी त्यांना बादलीचं विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, खांदा दुखावला तर खुर्चीची चाकंसुद्धा फिरवता येणार नाहीत, मग न्हाणीपर्यंत जायलाही दुसरा माणूस लागेल. मी म्हटलं, लागू दे. त्यांनी लॉरेन्सला डालड्याचे रिकामे डबे वाळूने भरायला सांगितले.

डबे उचलून दंड भरले, तेव्हा लॉरेन्सने अंगणातल्या आंब्याला कप्पी लावली आणि दोराला वाळूचं पोतं बांधलं. खुर्ची मागे ओट्याच्या खांबाला बांधून मी पोतं ओढायचे. शेजारणी कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या, बघू देत. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. एकदा पोतं अर्ध्यावर अडकलं आणि मला रडू फुटलं. विनी म्हणाली, "मम्मी, नको ना. काकी ओढेल." मी डोळे न पुसता पोतं वर आणलं.

तो दिवस उजाडला. बाजा वाजत होता, अख्खं गावठाण विहिरीवर लोटलं होतं. मी बादली सोडली आणि दोर ओढला. इथे खुर्ची बांधायला मागे खांब नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भरलेली बादली जेमतेम पाण्याबाहेर आली आणि खुर्चीच घरंगळत पुढे गेली. गुडघे कठड्यावर आपटले, दोर सुटला. बाजा थांबला.

"झालं वयनी," बेनेडिक्ट म्हणाला. "हात लागला." त्याची बायको पुढे आली.

मी कठड्याकडे बघितलं. तो खुर्चीच्या हातांएवढाच उंच होता.

"लॉरेन्स, खुर्ची धर," मी म्हटलं. तो मला उचलायला वाकला. "मला नाही. खुर्ची."

कठड्याच्या बाजूने खुर्ची लावली, एक तळवा दगडावर, एक खुर्चीच्या हातावर रोवला, आणि मोठ्याने 'आमच्या बापा' सुरू केलं. भाकर आली, गेली, तरी मी अधांतरीच होते. मग बूड सरकवून दगडावर टेकवलं.

"आता कंबर धर," मी लॉरेन्सला म्हटलं. "विहिरीत जायची हौस नाही मला."

दोर हातात घेतला आणि प्रार्थना सुटली होती तिथून पुढे चालू केली. बायकांनी सूर धरला. खांद्यात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हातावर हात पडत गेला. बादली कठड्यावर आली तेव्हा निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. पोटाला गार लागलं, मांड्यांना नाही. उरलेलं पाणी माझ्या पोरीला पुष्कळ होतं.

विनी रडत होती. बेनेडिक्ट हात मागे बांधून उभा होता. मी बादली त्याच्याकडे सरकवली.

"बेनेडिक्ट," मी म्हटलं, "आता तू हात लाव. घरापर्यंत न्यायची आहे."