अस्तर लावलेली कडी

“अहो, दार मोठं झालंय,” बायको म्हणाली.

ते शिंप्याला दिसत नव्हतं असं नाही. मागच्या खोलीच्या चौकटीला त्याने दार पुन्हा पुन्हा टेकवून पाहिलं आणि ते पुन्हा पुन्हा अडून बसलं. माप त्यानेच घेतलं होतं, गळ्यातल्या टेपने, आणि जन्माच्या सवयीने चारी बाजूंनी थोडं जास्त धरलं होतं. कापडात ते खपतं, आत दुमडून शिवता येतं. सागवान कुठून दुमडणार? जुन्या सामानाच्या वखारवाल्यानेही त्याच मापाने कापून दिलं होतं.

“प्लायचं नवं आणलं असतं तर एव्हाना लावूनही झालं असतं.”

“प्लायचं नको.”

“का नको, ते तर सांगा.”

तो उसना आणलेला रंधा कडेवर चालवू लागला. आईला कोंडायचंच आहे तर निदान चांगल्या दाराआड कोंडावं, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या घरात दार म्हणावं असं एकच, रस्त्याकडचं. आत सगळे पडदे, तेही गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडाचे. आजवर दारांवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण पुढच्या खोलीत दुकान, त्यामुळे रस्त्याकडचं दार दिवसभर सताड उघडं, आणि आई हल्ली ऊठसूट चालू पडायची. परवा ती भर रस्त्यात उभी होती. दोन्हीकडच्या गाड्या हॉर्न वाजवत खोळंबलेल्या, आणि हा दुकानात कुणाच्या तरी खांद्याचं माप घेत होता. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीनवर बसला की उठावंसं वाटे, उठला की पडदा सारून आत डोकावावंसं वाटे. एका सदऱ्याची कॉलर त्याने चक्क उलटी बसवली, आणि गिऱ्हाईक भलं म्हणून हसण्यावारी नेलं.

दार कुठल्याशा पाडलेल्या शाळेचं होतं. वरचा हिरवा रंग खरवडला तर खाली निळा, निळ्याखाली काळपट तपकिरी. हातातलं काम टाकून तो मधेच उठायचा आणि खरवडायला लागायचा. खालच्या भागावर पोरांनी लाथा मारून पाडलेले खड्डे त्याने भुसा आणि सरस घालून बुजवले. बोटांची सालटी निघाली. बायको म्हणाली, एवढी मेहनत स्वतःच्या लग्नाच्या कोटालाही घेतली नव्हती तुम्ही. खरंच होतं ते.

आई शेजारी स्टुलावर बसून पॉलिशपेपरचा तुकडा फिरवायची. जन्मभर काज-बटणं केलेला हात, काम दिसलं की आपोआप चालायचा.

“कोणाच्या खोलीचं रे दार?”

“तुझ्या.”

“मला कशाला एवढं भारी?” असं म्हणून ती खूश व्हायची. थोड्या वेळाने पुन्हा विचारायची, पुन्हा खूश व्हायची. शिंप्याला ते सहन व्हायचं नाही, आणि उत्तर दिल्यावाचून राहवायचंही नाही.

रंधा मारून दार अखेर बसलं. तेल पाजल्यावर लाकडाच्या रेषा अशा उठल्या, की आधी कुरकुरणारी बायकोही हात फिरवून गेली. मग तो कडी बसवायला घेऊन बसला. बाहेरच्या बाजूने. आई उठून जवळ आली.

“बाहेरून का लावतोयस?”

“आतलं लाकूड जरा कुजकं आहे. स्क्रू धरत नाही.”

आईने दार ढकललं, आतल्या अंगाला नख रोवून पाहिलं. ते रुतलं नाही.

“लाव बाहेरूनच,” ती म्हणाली. त्या क्षणी तिचे डोळे पूर्वीसारखे होते. “परवा रस्त्यात मला घर आठवेना. कुणाला विचारावं तर काय विचारायचं, तेही कळेना. फार भ्यायले मी.” मग जरा थांबून म्हणाली, “फक्त आवाज करू नकोस लावताना. मला कळलं ना, की मी हाका मारत बसेन. आणि हाका मारल्या की तू उघडशील.”

शिंपी हातातला स्क्रू खाली ठेवून उठला. मग पुढच्या खोलीत गेला. दिवसभरात पहिल्यांदाच तो मशीनवर शांत बसला. मऊ फ्लॅनेलची चिंधी शोधून त्याने अगदी बारीक टीप घालत कडीच्या दांडीला अस्तर शिवलं, आणि जिच्यात ती सरकते त्या खोबणीलाही आतून तेच चिकटवलं. सरकवून पाहिली, तर कानाला काही कळेना.

सकाळी दुकान उघडलं. आई चहा पिऊन आपल्या खोलीत गेली आणि तिने स्वतःच दार ओढून घेतलं. पहिलं गिऱ्हाईक पायरी चढत होतं. शिंप्याने दाराला तळवा टेकवून कडी हळूच सरकवली.

“लागली का रे?” आतून आईने विचारलं.

“नाही गं, उघडंच आहे,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. खाट कुरकुरली. बायकोने पुढच्या खोलीतून गिऱ्हाईक आल्याचं सांगितलं तरी तो हलला नाही. दाराला टेकवलेला तळवा त्याला काढवेना.